गळालेल्यांची यादी आणि सव्वाबाराची गाडी

पहिल्या बैठकीच्या कागदावर माझ्या नावापुढे 'लाभार्थी प्रतिनिधी' असं लिहिलं होतं. बाकी सगळ्यांपुढे हुद्दे होते. वैद्यकीय अधीक्षक, मनोविकारतज्ज्ञ, तालुका आरोग्य अधिकारी, संस्थेच्या समन्वयक. मी एसटीत कंडक्टर आहे, बावीस वर्षं. पण तो हुद्दा कुणाला लिहावासा वाटला नाही, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी मलाही तो तिथं कामाचा वाटला नव्हता. मला बोलावलं होतं ते बायपोलरचा, म्हणजे मन कधी अती चढतं आणि कधी अती खचतं त्या आजाराचा, पेशंट म्हणून.

मी कोकणात राहतो. आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात महिन्यातून दोन मंगळवारी जिल्ह्याच्या गावाहून मनोविकारांचं पथक येतं. एक डॉक्टर, एक समाजसेविका, एक सिस्टर. औषधं फुकट. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम म्हणतात तो हाच. राष्ट्रीय कार्यक्रम १९८२ सालचा. जिल्ह्याजिल्ह्यांत जाऊन उपचार द्यायचे, ही कल्पना आधी कर्नाटकात बल्लारीला करून पाहिली आणि १९९६ पासून ती हळूहळू देशभर पसरली. हे सगळं मला त्या बैठकांमध्येच कळलं. तोवर माझ्या लेखी 'मंगळवारचा डॉक्टर' एवढंच होतं.

२०२३च्या पावसाळ्याआधी एका छोट्या संस्थेने रुग्णालयापुढे प्रस्ताव ठेवला, की ही मंगळवारची ओपीडी नव्याने आखू या आणि ती पेशंटांना विचारून आखू या. विचारायला पेशंट हवा, बोलता येणारा हवा, बैठकीत उठून न जाणारा हवा. समाजसेविकेने माझं नाव सुचवलं.

माझ्या आजाराबद्दल थोडक्यात सांगतो, कारण पुढं ते लागणार आहे. २००८ सालच्या मे महिन्यात, चाकरमान्यांनी गच्च भरलेल्या गाडीत मी एकाही पॅसेंजरकडून पैसे घेतले नाहीत. तिकिटं मात्र सगळ्यांना दिली. आज देवाची गाडी आहे, असं म्हणालो म्हणे. सहा रात्री झोपलो नव्हतो आणि मला वाटत होतं, की घाटातली वळणं मी डोळे मिटून मोजू शकतो. आगारात वेबिल जमा करताना पैसे कुठायत म्हटल्यावर मी हसत सुटलो. पुढचे दोन महिने मला तुटक आठवतात. रत्नागिरीला मनोरुग्णालय आहे, म्हणून आमच्याकडे कुणाचं डोकं फिरलं की लोक म्हणतात, रत्नागिरीक धाडूक व्हया. हे वाक्य मी स्वतः शंभर वेळा गंमत म्हणून बोललो असेन. त्या वर्षी ते आमच्याच पडवीत माझ्याबद्दल बोललं गेलं.

आजाराने माझी सेवेतली साडेतीन वर्षं खाल्ली. मग लिथियम नावाचं औषध लागू पडलं आणि मी पुन्हा ड्युटीवर आलो.

तर ती बैठक. डॉक्टरांनी पडद्यावर आकडे दाखवले. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण, २०१५-१६. आजारानुसार बघितलं तर गरज असलेल्यांपैकी ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. मग आमच्या ओपीडीचा कागद आला. वर्षभरात एकतीस जणांनी औषधं अर्ध्यावर सोडलेली. 'ड्रॉप-आउट'. समाजसेविका मराठीत 'गळालेले' म्हणायची. कारणांचा एक रकाना होता आणि त्यात तीनच कारणं आलटून पालटून लिहिलेली होती. आजाराची जाणीव नाही. कुटुंबाचं सहकार्य नाही. अंधश्रद्धा.

यादी हातोहात फिरत माझ्याकडे आली. नावांवर पट्टी चिकटवून झेरॉक्स काढली होती, नुसती गावं दिसत होती. आता कंडक्टरला गावं अक्षरक्रमाने दिसत नाहीत, टप्प्यांनी दिसतात. मी पेन काढलं आणि सवयीनं गावांपुढे टप्पे लिहायला लागलो. एकतीसपैकी एकोणीस गावं एकाच रस्त्यावरची निघाली, आमच्या घाटाकडच्या. त्या रस्त्यावर मी चार वर्षं ड्युटी केली आहे.

माझ्या तोंडून निघून गेलं, "ही माणसं गळालेली नाहीत, यांची गाडी चुकलेली आहे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग मला समजावून सांगावं लागलं. घाटाकडून तालुक्याला सकाळी दोन गाड्या येतात. एक वस्तीची, ती वरच्या गावातून सव्वासहाला सुटते आणि पावणेआठला इथं. दुसरी शाळेची, ती स्टँडवर लागते दहा पन्नासला. परतीची गाडी सव्वाबाराला, त्यानंतर थेट पावणेपाचला. केसपेपरची खिडकी बाराला बंद होते. डॉक्टर साडेदहाला बसतात, एकला उठतात. शाळेच्या गाडीने आलेला माणूस रुग्णालयात चालत येणार सव्वाअकराला. केसपेपरची रांग, डॉक्टरची रांग, औषधाची रांग. सव्वाबाराची गाडी त्याला मिळणं शक्य नाही. मग तो पावणेपाचपर्यंत स्टँडवर बसणार आणि काळोखात उतरून वाडीपर्यंत तीन किलोमीटर चालणार. सोबत आलेल्या माणसाचीही मजुरी बुडणार. हे महिन्यातून दोनदा, कारण औषधं पंधराच दिवसांची मिळायची.

"मग ते वस्तीच्या गाडीने का नाही येत?" डॉक्टरांनी विचारलं. प्रश्न रास्त होता.

"तुमच्या गोळ्यांमुळे," मी म्हटलं. "रात्री ऑलॅन्झापिन घेतलेला माणूस पहाटे पाचला उठत नाही, साहेब."

डॉक्टर हसले. चांगला माणूस होता. वहीत लिहून घेतलं आणि म्हणाले, की सहा वर्षांत हे मला कुणी सांगितलं नाही. मला तेव्हा म्हणायचं होतं, की तुम्ही विचारलं नाहीत. पण मीही सांगितलं नव्हतंच. माझंच बघा. लिथियमने दोन गोष्टी होतात, हात थरथरतो आणि लघवीला सारखं जावं लागतं. तीन तासांच्या रूटवर, उभ्या गाडीत, एका हाताने दांडा धरून सुटे पैसे मोजणाऱ्या माणसाला याहून वाईट दोन गोष्टी कुठल्या? मी काय करायचो? ड्युटीवर पाणीच प्यायचो नाही. लिथियम घेणाऱ्याने पाणी तोडणं, तेही एप्रिल-मेच्या घामात, हे धोक्याचं असतं. रक्तातलं औषध वाढत जातं. एकदा चक्कर येऊन मी गाडीच्या पायरीवर बसलो होतो. डॉक्टर दर वेळी झोप कशी आहे, मूड कसा आहे, हे विचारायचे. लघवीला कुठं जातोस, हे कोण विचारणार? आणि मी तरी कसं सांगणार, मागं वीस माणसं उभी असताना?

त्या पहिल्या बैठकीत एवढंच ठरलं, की गळालेल्यांच्या घरी जायचं आणि 'औषध का सोडलं' असं न विचारता 'मंगळवारचा दिवस तुमचा कसा जातो' असं विचारायचं. हा प्रश्न संस्थेतल्या मुलीचा. पुण्याहून समाजकार्य शिकून आलेली, सव्वीस-सत्तावीसची. गणपतीआधी आम्ही दोघं आणि गावोगावची आशाताई अशा तेवीस घरी जाऊन आलो. उरलेल्यांतले काही मुंबईला गेले होते, दोघे वारले होते. यादीत मात्र तेही 'जाणीव नाही'.

घरोघरी काय ऐकलं ते सगळं इथं मांडत नाही, काही गोष्टी त्या घरांच्याच आहेत. पण काही सांगायलाच हव्यात.

एका म्हाताऱ्या काकींनी मला ओळखलं. "मास्तर, मंगळवारी गाडी चुकली काय काळोख पडता घराक येवक. म्हस कोण पिळतलो?" त्यांचा मुलगा स्किझोफ्रेनियाचा. तो आतल्या खोलीतून ऐकत होता. आम्ही निघताना बाहेर आला आणि म्हणाला, "डॉक्टर आईवांगडा बोलतत. माका कोणी इचारल्यानच नाय." पंचेचाळीस वर्षांचा माणूस. हे वाक्य त्या तेवीस घरांत आम्ही कितीदा ऐकलं ते मी मोजायचं सोडून दिलं.

अंधश्रद्धेच्या रकान्याबद्दल मला वेगळं काही सांगायचंय. होय, लोक गाऱ्हाणं घालतात, कौल लावतात. मीही आईच्या हट्टाने नारळ ठेवला आहे. पण देऊळ चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथं केसपेपर लागत नाही. सगळं घर सोबत बसतं. गाऱ्हाणं घालताना माणसाचं नाव आदराने घेतात, तो समोर हात जोडून उभा असतो आणि त्याचं दुखणं चार माणसांत उच्चारलं जातं. आम्ही ज्या घरांत गेलो त्यातल्या बहुतेकांना दोन्ही चालत होतं, देवही आणि गोळीही. 'एक सोडा मग दुसरं देऊ' ही अट दवाखान्याची होती, देवाची नव्हती. संस्थेतल्या मुलीने हे टिपून घेतलं, पण बैठकीत मांडताना तिची चांगलीच तारांबळ उडाली.

एका घरी मात्र मी गप्प बसू शकलो नाही. खोपीत बांधलेला पोरगा, पायाला गुरांचं दावं. बाप म्हणाला, नाहीतर तो नदीवर जातो. बाप क्रूर नव्हता, रोज त्याला भरवत होता. तमिळनाडूतल्या एरवाडीत ६ ऑगस्ट २००१ला आग लागली तेव्हा साखळीने बांधलेली २८ माणसं जळून मेली, हे त्याला सांगायचं माझ्या जिभेवर आलं होतं. सांगितलं नाही. आशाताईने दुसऱ्या दिवशी सिस्टरला गाडीवर मागं बसवून आणलं आणि सुई दिली. महिन्याभराने दावं सुटलं. दर चार आठवड्यांनी घ्यायची ती सुई उपकेंद्रातच मिळाली तर त्या पोराला तालुक्याला यायची गरज उरणार नव्हती. आमच्या नव्या आखणीतली ही पहिली ठोस गोष्ट. ती कुणा तज्ज्ञाने सुचवली नाही, दावं बघून सुचली.

मधल्या एका बैठकीत मुलीने इटलीतल्या त्रिएस्त गावाची गोष्ट सांगितली. फ्रांको बाझालिया नावाचा डॉक्टर १९७१ साली तिथल्या मनोरुग्णालयाचा प्रमुख झाला आणि त्याने ते हळूहळू रिकामं करायला घेतलं. १९७३ साली पेशंटांनी आणि कलाकारांनी मिळून एक भलामोठा निळा घोडा बनवला आणि गावातून मिरवायचं ठरवलं. घोडा दारातून बाहेर निघेना, म्हणून दार फोडलं. पुढं १९७८ साली इटलीत कायदाच झाला, की नवी मनोरुग्णालयं उघडायची नाहीत. त्याऐवजी वस्तीवस्तीत केंद्रं. त्रिएस्तमधली केंद्रं तर चोवीस तास उघडी. मला गोष्ट फार आवडली, घोड्याची तर फारच. अधीक्षक साहेब म्हणाले, "तिथं स्टाफ असेल." आणि मागून कुणीतरी पुटपुटलं, "तिथं एसटी वेळेवर येत असेल." सगळे हसले, मीही हसलो, आणि मग जरा वाईट वाटलं.

आता माझी चूक सांगतो.

घाटाकडची शाळेची गाडी अर्धा तास अलीकडे आणता येते का, हे मी आगारात विचारून आलो होतो. येत नव्हती, कारण ती शाळेच्या घंटेला बांधलेली होती आणि ते बरोबरच होतं. चाळीस पोरांची शाळा बुडवून आमची ओपीडी चालवायची का? मग मला वाटलं, की गाडी हलत नसेल तर वार हलवू. आमच्याकडे शनिवारी बाजार भरतो. त्या दिवशी जादा गाडी असते, दुपारी दोनला परतीची आणखी एक. बाजाराला माणूस तसाही येतोच, त्यातच औषध घेऊन जाईल. मला माझी कल्पना इतकी पसंत पडली, की मी कागदावर पूर्ण वेळापत्रक काढून नेलं. डॉक्टरही तयार झाले. पेशंटच म्हणतोय म्हटल्यावर कोण कशाला नाही म्हणेल?

आशाताई एवढंच म्हणाली, की एकदा बायकांना विचारू. तोवर समितीत बाई पेशंट एकही नव्हती. कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. माझ्याही नाही.

ती बैठक अंगणवाडीत झाली. मला आत घेतलं नाही, मी बाहेर कट्ट्यावर बसलो. पण खिडकी उघडी होती आणि एकीचा आवाज चांगलाच चढलेला होता. "बाजारादिवशी? सगळो गाव बघतलो! त्यापेक्षा कपाळार पाटीच लावन जातंय." दुसरी म्हणाली, की बाजार घोवाच्या हातात असतो, पैसेही त्याच्याच हातात, मला तालुक्याला न्यायचं कारण तो दाखवणार नाही. मंगळवारी निदान 'पोराच्या दाखल्याचं काम आहे' म्हणून निघता येतं. मार्च २०२३पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालंय, त्यामुळे एकटीने निघणं परवडतं. पण एकटी गेली तर खिडकीवर सांगतात, नातेवाईक घेऊन ये. आणि नातेवाईक म्हणजे कोण? ज्याच्यामुळे झोप उडाली आहे तोच.

बाहेर बसून माझे कान तापले होते. पंधरा वर्षांचा पेशंट मी, सगळ्या पेशंटांच्या वतीने बोलत होतो. आणि बोलत होतो ते एका पगारदार बाप्याच्या वतीने, ज्याला स्टँडवर सगळे ओळखतात आणि चहा पाजतात. शनिवारचं वेळापत्रक मी तिथंच घडी घालून खिशात टाकलं.

त्यानंतर समितीत दोन बायका आल्या. एकीने पहिल्याच दिवशी विचारलं, की मनोविकाराची खोली टोकाला वेगळी का? बीपी-शुगरचे पेशंट बसतात त्या व्हरांड्यात आम्हाला का नाही बसवत? तिथं अर्धा तालुका बसलेला असतो, कोण कशाला आलं कुणाला कळणार? केसपेपरवर लाल शाईने 'मनोविकार' लिहायची पद्धत होती, तीही तिनेच काढायला लावली. मी त्या लाल शाईचे कागद पंधरा वर्षं घडी घालून खिशात नेले आणि मला ते कधी खुपलं नाही. की खुपलं होतं म्हणूनच घडी घालत होतो?

नातेवाईकाच्या अटीवर मुलीने कायद्याचं पुस्तक आणलं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७चा, अंमल २०१८पासून. त्यात सज्ञान माणसाला स्वतःचा प्रतिनिधी स्वतः नेमता येतो. तो नवराच असला पाहिजे असं नाही, भाऊही लागत नाही, शेजारीण चालते. बेडीसाखळीने बांधायला त्यात साफ मनाई आहे. आणि आगाऊ लिहून ठेवता येतं, की माझं भान सुटेल तेव्हा मला काय चालेल आणि काय चालणार नाही. हे ऐकून खिडकीवरचा क्लार्क म्हणाला, की आम्हाला असं कुठलं पत्र आलं नाही. पत्र आणायला पुढं चार महिने गेले. त्या चार महिन्यांबद्दल लिहायला लागलो तर हा लेख संपायचा नाही.

माझं आगाऊ सूचनापत्र लिहायला मला तीन रविवार लागले. आयुष्यात एवढं अवघड काही लिहिलं नव्हतं. मुलीने सांगितलं होतं, की गोळ्यांची नावं लिहायच्या आधी त्या दिवसांची आठवण काढा. मग मी वहिनीला विचारलं, २००८ साली मी नक्की काय काय केलं होतं? पंधरा वर्षांत घरात हा विषय पहिल्यांदा निघाला. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता सगळं सांगत गेली. भावाने आणि शेजाऱ्यांनी मला जीपमध्ये कसं कोंबलं, मी कुणाला चावलो, आई कशी विहिरीशी जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, "भावजी, त्यावेळी तुमी माझंच ऐकत होतात. पण माका कोण इचारता?"

प्रतिनिधी म्हणून मी वहिनीचं नाव लिहिलं. भाऊ दोन दिवस बोलला नाही.

पत्रात आहे ते असं. सलग दोन रात्री झोपलो नाही तर वहिनीने डॉक्टरांना फोन करायचा, माझी परवानगी विचारत बसायचं नाही. जीप नको, माझ्या ओळखीच्या ड्रायव्हरची रिक्षा चालेल. बांधायचं नाही. पैसे आणि तिकिटाचं मशीन काढून घ्यायचं, मी कितीही ओरडलो तरी. कपडे माझेच ठेवायचे. आगारात 'टायफॉइड' सांगायचं नाही, जे आहे ते सांगायचं. डॉक्टरांनी वाचलं आणि एक गोष्ट स्पष्ट केली, की अगदी तातडीच्या प्रसंगी, जीवावरच बेतलं तर, हे पत्र त्यांच्यावर बंधनकारक नसतं, कायद्यातच तसं म्हटलंय. मला ते प्रामाणिक वाटलं. साक्षीदारांच्या सह्या झाल्या. कागद आता देव्हाऱ्याच्या मागं आहे, विम्याच्या कागदांसोबत.

२०२४च्या उन्हाळ्यात नवी घडी बसली. वार मंगळवारच राहिला. डॉक्टर आता साडेअकरा ते साडेतीन बसतात. त्यासाठी त्यांच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या ओव्हरटाइमवरून जिल्ह्यात बरीच पत्रापत्री झाली. घाटाकडच्या लोकांसाठी केसपेपरची खिडकी अर्धा तास जास्त उघडी. आजार स्थिर असेल तर महिन्याचं औषध, आणि पावसाळ्याच्या तोंडावर दोन महिन्यांचं. ओढ्याला पाणी आलं की अर्ध्या वाड्या तुटतात, हे इथं जन्मलेल्या कुणालाही माहीत होतं, औषधाच्या इंडेंटला, म्हणजे मागणीच्या कागदाला, तेवढं माहीत नव्हतं. सुई उपकेंद्रात. डॉक्टरांनी पहिले दोन प्रश्न पेशंटलाच विचारायचे, सोबतच्याला नंतर, हे त्यांनी स्वतः टेबलावर चिकटवून ठेवलंय. आणि माझ्यासाठी एक खास गोष्ट. लिथियमवर असलेल्यांना आता पाणी, घाम आणि लघवी, तिन्ही विचारतात. रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यावं लागतं, त्याची आठवण आशाताई आदल्या संध्याकाळी करते. नमुना मात्र अजून जिल्ह्याच्या गावाला जातो, इथल्या लॅबमध्ये ती तपासणी होत नाही.

टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर ऑक्टोबर २०२२पासून आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. त्याचं पोस्टर प्रत्येक वाडीत लावलं. वरच्या तीन वाड्यांत रेंज फक्त देवळाच्या टेकाडावर येते. तिथं, पिंपळाच्या पाराजवळ, एका पेशंटने खडूने नंबर लिहून ठेवला. गुरवाने पुसला नाही, उलट पाऊस पडून गेला की तोच पुन्हा गिरवतो, असं ऐकलंय.

आणि एक गोष्ट आम्ही आखलीच नव्हती. ओपीडी उशिरा संपायला लागल्यावर पावणेपाचच्या गाडीची माणसं औषध घेऊन तास-दोन तास रिकामी बसू लागली. आधी स्टँडवर बसायची, मग कुणीतरी रुग्णालयाच्या मागच्या आंब्याखाली बसायला लागलं. एका मंगळवारी माझी सुट्टी होती, मी गेलो. दहाबारा जण. कुणी भजी आणलेली. एकजण सांगत होता, की आवाज यायला लागले की तो मोठ्याने आरती म्हणतो, सगळं घर वैतागतं, पण आवाज दबतात. दुसरा म्हणाला, मी रेडिओ लावतो. समितीतली ती लाल शाईवाली बाई नव्या आलेल्या एका पोरीला सांगत होती, की वजन वाढलं म्हणून गोळी बंद करू नको, डॉक्टरला सरळ सांग, गोळी बदलून मिळते. डॉक्टरांनी हेच सांगितलं असतं तर त्या पोरीने मान डोलावून गोळी बंदच केली असती, अशी मला खात्री आहे.

संस्थेच्या अहवालात आता त्याला 'समवयस्क आधार गट' म्हणतात. वयं बावीस ते एकोणसत्तर. आम्ही 'पावणेपाचवाले' म्हणतो. अहवालात आलं म्हणून मध्यंतरी त्याला हजेरीचं रजिस्टर ठेवायचा विचार झाला. लोक यायचे कमी झाले, तसं रजिस्टर गेलं.

संस्थेचा प्रकल्प या मार्चमध्ये संपला. मुलगी पुण्याला परत गेली. डॉक्टरांचीही बदली झाली. नवे आलेत, तरुण आहेत, टेबलावरचा तो कागद त्यांनी पहिल्याच दिवशी काढला होता. लाल शाईवाल्या बाईने तो पुन्हा चिकटवला. त्यांनी काय म्हटलं ते विचारल्यावर ती म्हणाली, "काय म्हणतले? माकाच पयलो प्रश्न इचारल्यान."

समिती अजून बसते, दोन महिन्यांतून एकदा. कागदावर माझ्यापुढे आता 'वाहक, रा. प.' असं लिहून येतं. परवाच्या बैठकीत या वर्षीच्या गळालेल्यांची यादी मिळाली. अकरा गावं. टप्पे लिहून पाहिले, तर घाटाकडची तीनच आहेत. सात नदीपलीकडची, तो माझा रूट नाही. तिकडच्या कंडक्टरशी बोललो, तर तो म्हणाला गाड्यांचं काही नाही, गाड्या सोयीच्या आहेत. म्हणजे दुसरं काहीतरी आहे. रविवारी आशाताईबरोबर जायचं ठरलंय, पण साकव सध्या पाण्याखाली आहे. पाऊस ओसरला तर जाऊ.